संहिता अमलात, नियम वाटेवर: छोट्या मालकाची खरी कसोटी

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता एकाच दिवशी अमलात आणल्या आणि देशातील २९ कामगार कायद्यांचा दीर्घ अध्याय कागदावर तरी संपला. वेतन संहिता २०१९ साली, तर औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या तीन संहिता २०२० साली संसदेने संमत केल्या होत्या. त्यानंतर पाच वर्षे त्या कपाटात राहिल्या. ‘येणार, येणार’ म्हणून गाजलेल्या या बदलाची तयारी करता करता अनेक उद्योजक थकले आणि अखेर तयारीच सोडून बसले. नेमक्या त्याच वेळी अधिसूचना निघाली.

मोठ्या कंपन्यांनी या बदलाचा हिशेब तत्काळ मांडला. टीसीएस आणि इन्फोसिस या कंपन्यांनी ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीच्या ताळेबंदात नव्या संहितांपोटी प्रत्येकी हजार कोटींहून अधिक रुपयांची तरतूद दाखवली. त्यांच्याकडे कायदेतज्ज्ञ आहेत, विमागणिती आहेत, स्वतंत्र मनुष्यबळ विभाग आहेत. वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीतील पस्तीस कामगारांच्या कारखान्याकडे, कळंगुटच्या चाळीस खोल्यांच्या हॉटेलाकडे किंवा बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीकडे यांतले काहीही नसते. तेथे कायदा पोहोचतो तो महिन्यातून एकदा येणाऱ्या लेखापालाच्या तोंडून. म्हणूनच या संहितांची खरी परीक्षा मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात होणार नाही. ती होणार आहे ती या छोट्या आस्थापनांच्या हजेरीपटावर आणि वेतनचिठ्ठीवर.

‘वेतन’ या शब्दाचा नवा अर्थ

चारही संहितांचा गाभा एका व्याख्येत आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि प्रतिधारण भत्ता म्हणजे ‘वेतन’. घरभाडे, प्रवास, अधिकाल आणि इतर काही देयके त्यातून वगळली आहेत. मात्र वगळलेल्या देयकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. आपल्याकडे मूळ वेतन कमी आणि भत्ते भरघोस ठेवण्याची रीत जुनी आहे. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांचा भार हलका राहावा, हा तिचा सरळ हेतू. ती रीत आता निरुपयोगी ठरली आहे.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कामगाराचा मासिक मोबदला ३०,००० रुपये आहे. त्यातील मूळ वेतन १०,००० आणि उरलेले २०,००० रुपये निरनिराळे भत्ते. नव्या व्याख्येने त्याचे वेतन १५,००० रुपये धरले जाईल. उपदान वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाइतके आणि महिना सव्वीस दिवसांचा धरून काढतात. दहा वर्षांच्या सेवेला जुन्या पद्धतीने सुमारे ५७,७०० रुपये मिळाले असते, आता सुमारे ८६,५०० रुपये मिळतील. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की उपदानाचा आधार शेवटचे वेतन हाच असतो आणि ते संपूर्ण सेवाकाळासाठी मोजले जाते. म्हणजे हा बोजा पुढच्या वर्षांपुरता नाही. झालेल्या सेवेचे ओझेही मालकाच्या खात्यावर आज वाढले आहे. मोठ्या कंपन्यांनी एकाच तिमाहीत एवढी मोठी तरतूद का केली, याचे उत्तर या गणितात आहे. छोट्या मालकाला त्या तरतुदीची जाणीव होईल ती पहिला जुना कामगार निवृत्त होईल तेव्हा.

भविष्य निर्वाह निधीबाबत मात्र गैरसमज अधिक पसरले. ‘हातात येणारा पगार कमी होणार’ अशी भीती सर्वत्र व्यक्त झाली, तेव्हा केंद्रीय श्रम मंत्रालयाने डिसेंबरमध्ये खुलासा केला की, १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवर ज्यांची वर्गणी कापली जाते त्यांच्या हातातील पगारात फरक पडण्याचे कारण नाही. हे खरे आहे, पण अर्धे. वरच्या उदाहरणातील कामगाराची वर्गणी आजवर १०,००० रुपयांवर, म्हणजे १२०० रुपये कापली जात असेल, तर ती १८०० होईल. सहाशे रुपये त्याच्या हातातून कमी होतील आणि तेवढेच मालकाच्या खिशातून जास्त जातील. खुलासा लागू पडतो तो आधीच मर्यादेवर असलेल्यांना. ज्यांचे मूळ वेतन मुद्दाम खाली ठेवले होते, त्यांना नव्हे.

वास्तविक हा धक्का अनपेक्षित नव्हता. सरसकट सर्व कामगारांना दिले जाणारे भत्ते भविष्य निर्वाह निधीच्या हिशेबात धरावे लागतील, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. ज्यांनी तेव्हा वेतनरचना सुधारली, त्यांना आज फारसे काही करावे लागत नाही. कायद्याबरोबर चालणे म्हणजे केवळ राजपत्र वाचणे नव्हे. न्यायालये कोणत्या दिशेने जात आहेत याकडेही लक्ष ठेवावे लागते, हा त्या निकालाचा धडा होता.

जुने नियम, नवी संहिता

मालकांच्या गोंधळाचे सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. संहिता केंद्राने केल्या, तरी बहुसंख्य खासगी कारखाने, दुकाने आणि हॉटेले यांच्यासाठी ‘समुचित सरकार’ म्हणजे राज्य सरकार. नियम त्याने करायचे, नमुने त्याने ठरवायचे, अधिकारी त्याने नेमायचे. केंद्राने आपल्या अखत्यारीतील नियमांचे मसुदेही संहिता लागू झाल्यावर, ३० डिसेंबर २०२५ रोजी नव्याने प्रसिद्ध केले. कायदा आधी आणि त्याची कार्यपद्धती नंतर, असा हा उलटा क्रम. मधल्या काळासाठी संहितांशी विसंगत नसलेले जुने नियम आणि अधिसूचना चालू राहतील, अशी व्यवस्था आहे. पण कोणता जुना नियम विसंगत आणि कोणता सुसंगत, हे ठरवायचे कोणी? प्रत्यक्षात तो निवाडा मालक स्वतःच करतो आणि त्याची जोखीमही त्यानेच उचलायची असते.

गोव्यात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. वास्को शहराचेच पाहा. मुरगाव बंदर हे प्रमुख बंदर असल्याने तेथील कामगार आणि बंदरासाठी काम करणारे कंत्राटदार केंद्राच्या कक्षेत येतात. खाणींचेही तसेच. वेर्ण्याचा औषध कारखाना राज्याच्या कक्षेत. आणि बंदराबाहेर गावात मालवाहतुकीचे कार्यालय थाटलेला व्यावसायिक दुकाने व आस्थापना कायद्याखाली येतो. गोवा, दमण व दीव दुकाने व आस्थापना कायदा १९७३ चा आहे. राज्यांचे हे कायदे चार संहितांत विलीन झालेले नाहीत, ते आपल्या जागी कायम आहेत. एकाच मालकाचे ट्रक बंदरात, गोदाम वसाहतीत आणि कचेरी बाजारपेठेत असेल, तर त्याला तीन दप्तरे वेगवेगळ्या नियमांनी ठेवावी लागतात. ‘एक देश, एक कायदा’ ही घोषणा ऐकायला सोपी आहे, पण या मालकाच्या टेबलावर ती उतरलेली नाही.

सीमाभागातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. बेळगावच्या उद्यमबागेत एक शाखा आणि चंदगड तालुक्यातील शिनोळीत दुसरी, असे चालवणारे उद्योजक आहेत. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पण राज्ये दोन. कर्नाटक सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना मासिक पाळीसाठी वर्षाला बारा दिवसांची सवेतन रजा देण्याचा आदेश काढला आणि त्याला उच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाचे दैनंदिन तास नऊवरून बारापर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील नऊवरून दहापर्यंत वाढवण्यास मान्यता दिली. एकाच मालकाच्या दोन शाखांत, एकाच कामाला, रजा वेगळी आणि पाळीही वेगळी असू शकते. अशा वेळी ‘त्या शाखेत चालते ते या शाखेतही चालवू’ हा विचार महागात पडतो.

संख्येच्या उंबरठ्यांचा खेळ

नव्या संहितांत सर्वाधिक चर्चा झाली ती ३०० या आकड्याची. स्थायी आदेश, तसेच कामगार कपात आणि कारखाना बंद करण्यासाठी लागणारी सरकारची पूर्वपरवानगी यांची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर, वीज न वापरणाऱ्याची वीसवरून चाळीसवर आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा वीसवरून पन्नासवर आली. गोव्यासारख्या राज्यात, जेथे मध्यम आणि लहान आस्थापनांचेच प्राबल्य आहे, तेथे या आकड्यांनी अनेकांना एका फटक्यात जुन्या बंधनांबाहेर काढले आहे.

मालकवर्गात त्यामुळे सुटकेची भावना आहे आणि कामगार संघटनांत संताप. दहा केंद्रीय कामगार संघटनांनी २६ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर निषेध केला, तर भारतीय मजदूर संघाने संहितांचे स्वागत केले. कामगारांची भीती निराधार म्हणता येत नाही. अडीचशे कामगारांच्या कारखान्याला कपातीपूर्वी आता सरकारचे दार ठोठवावे लागणार नाही. संपाची १४ दिवसांची पूर्वसूचना आता सर्वच औद्योगिक आस्थापनांत बंधनकारक आहे, आणि निम्म्या वा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संप ठरते. कामगाराच्या हातातील पारंपरिक साधने बोथट झाली, हे मान्यच करावे लागेल.

तथापि मालकांनीही या सुटकेचा अर्थ नीट समजून घ्यावा. पूर्वपरवानगी गेली, नुकसानभरपाई गेलेली नाही. कपात केलेल्या कामगाराला पूर्वसूचना आणि सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन द्यावेच लागते. शिवाय पुनर्कौशल्य निधीत त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम नव्याने भरायची आहे. स्थायी आदेशांची सक्ती नसली, तरी गैरवर्तन कशाला म्हणायचे, चौकशी कशी करायची, शिक्षा कोण देणार, हे कोठेतरी लिहिलेले असावेच लागते. ते नसेल, तर पहिल्याच बडतर्फीच्या दाव्यात मालकाकडे दाखवायला काही नसते. सक्तीचे स्थायी आदेश मालकाला जाच वाटत, पण अनेकदा तेच त्याचे चिलखत असे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दोन्ही बाजूंच्या समान प्रतिनिधित्वाची तक्रार निवारण समिती मात्र आवश्यक आहे. आणि वेतन संहितेला संख्येचा उंबरठाच नाही. एक नोकर ठेवणारा किराणा दुकानदारही तिच्या कक्षेत येतो, कारण किमान वेतन आता केवळ अनुसूचित रोजगारांपुरते राहिलेले नाही.

हंगामी अर्थव्यवस्थेपुढील प्रश्न

गोव्याच्या पर्यटनाला या संहिता सर्वाधिक बोचतील, असे दिसते. हंगाम ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत चालतो आणि मनुष्यबळही त्याच चक्रात फिरते. वेटर, स्वयंपाकी, खोल्यांची साफसफाई करणारे कर्मचारी मोठ्या संख्येने बाहेरच्या राज्यांतून येतात. हंगामाच्या मध्यावर नोकरी सोडून शेजारच्या हॉटेलात जाणेही सर्रास चालते. आजवर अशा कामगाराचा हिशेब ‘पुढच्या महिन्याच्या पगारावेळी बघू’ असा होत असे. नव्या वेतन संहितेनुसार राजीनामा, बडतर्फी किंवा कपात, कारण काहीही असो, देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करायचे आहे. महिन्याच्या चक्राला सरावलेल्या लेखाविभागासाठी हा मोठाच बदल आहे.

दुसरा प्रश्न निश्चित मुदतीच्या नेमणुकांचा. ही पद्धत केंद्राने मार्च २०१८ मध्येच सर्व क्षेत्रांसाठी खुली केली होती. संहितांनी तिला पक्के स्थान दिले आणि एक महत्त्वाची अटही जोडली: असा कर्मचारी कायम कर्मचाऱ्याइतक्याच वेतनाला आणि सवलतींना पात्र असेल आणि एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानालाही. पाच वर्षांची अट त्याला लागू नाही. हंगामी आस्थापनांसाठी हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाइतके उपदान, अशी वेगळी तरतूद आहे. आपले आस्थापन ‘हंगामी’ आहे की वर्षभर चालणारे आणि फक्त गर्दी हंगामी, हे प्रत्येक हॉटेलमालकाला आता कागदोपत्री ठरवावे लागेल. दोन्हींचे फायदे एकाच वेळी घेता येणार नाहीत.

तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न ‘गाभ्याच्या कामाचा’. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास कायद्याने मनाई आहे, अपवाद मोजके. साफसफाई, सुरक्षा, उपाहारगृह, बागकाम, धुलाई अशी कामे गाभ्याबाहेरची धरली आहेत, परंतु ते आस्थापनच त्या कामासाठी उभारलेले नसेल तरच. औषध कारखान्याचे उपाहारगृह कंत्राटदाराकडे देता येईल. हॉटेलचे स्वयंपाकघर आणि खोल्यांची व्यवस्था हा तर हॉटेलचा धंदाच. तेथे हा अपवाद टिकेल काय? अचानक वाढलेल्या कामासाठी सवलत आहे, पण दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येणारी गर्दी ‘अचानक’ कशी म्हणायची? पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार ठेवणाऱ्या हॉटेलांनी हा मुद्दा वकिलाच्या मतावर सोडून न देता आपले करारच नव्याने तपासणे शहाणपणाचे.

कायदा अद्ययावत, दप्तर शिळे

मग मालकाने करावे काय? नियम पूर्ण होईपर्यंत थांबावे, असा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. ज्या गोष्टी खुद्द संहितेत लिहिल्या आहेत, त्यांच्यासाठी नियमांची वाट पाहण्याचे कारण नाही. वेतनाची व्याख्या, दोन दिवसांत हिशेब, पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाअखेरपर्यंत मासिक वेतन, अधिकालाला दुप्पट दर, या बाबी आजच लागू आहेत. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र द्यायचे आहे आणि पूर्वीपासून कामावर असलेल्यांना ते देण्यासाठी संहितेने अंमलबजावणीपासून तीनच महिने दिले आहेत. नमुना ठरायचा असला, तरी नाव, पद, वेतन, कामाचे स्वरूप आणि रुजू दिनांक यांचे साधे पत्र देण्यापासून कोणीही मालकाला अडवलेले नाही. वार्षिक रजेसाठी लागणारी किमान हजेरी २४० दिवसांवरून १८० दिवसांवर आली आहे. रजेचा हिशेब त्यानुसार आजच बदलला पाहिजे. महिलांना रात्रपाळीत काम देता येते, पण त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था करूनच. ती संमती लेखी घेऊन ठेवावी.

शिक्षेची भीती दाखवणे हा येथे हेतू नाही. किंबहुना संहितांनी निरीक्षकाला ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ केले आहे. वेतन संहितेखाली काही चुकांबाबत खटल्यापूर्वी मालकाला चूक सुधारण्याची लेखी संधी दिली जाते. कमी वेतन दिल्यास दंड ५० हजार रुपयांपर्यंत आणि पाच वर्षांत पुन्हा तीच चूक झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र दंडापेक्षा मोठा धोका थकबाकीचा आहे. कामगाराला दावा दाखल करण्यासाठी आता तीन वर्षांची मुदत आहे. चुकीच्या वेतनरचनेची तीन वर्षांची थकबाकी चाळीस कामगारांना एकाच वेळी द्यावी लागली, तर छोटा कारखाना मोडून पडतो. आणि त्याबरोबर त्या चाळीस जणांचा रोजगारही जातो.

शिवाय संहितांच्या गदारोळात इतर कायद्यांचा विसर पडू नये. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा संहितांच्या बाहेर, स्वतंत्र आहे. दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती अनिवार्य आहे. गोव्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये चौकशीतील घाई आणि नैसर्गिक न्यायाचा अभाव यांमुळे झालेली कारवाई रद्द ठरवली आणि त्याच वेळी समित्यांच्या एकूण दुरवस्थेवर ताशेरे ओढले. कायदा असून कार्यपद्धती नसेल, तर तक्रारदाराला न्याय मिळत नाही आणि आरोप झालेल्यालाही नाही. हे सूत्र कामगार कायद्यांच्या प्रत्येक शाखेला लागू पडते.

राज्य सरकारच्याही वाट्याला जबाबदारी आहे. नियम केवळ राजपत्रात छापून सरकारचे काम संपत नाही. गोव्याच्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीलाही स्थान दिले आहे. मग नियमांचा गोषवारा, नियुक्तीपत्राचा नमुना, वेतनचिठ्ठीचा नमुना या भाषांत का मिळू नये? प्रत्येक औद्योगिक वसाहतीत महिन्यातून एक दिवस कामगार आयुक्तालयाचा अधिकारी बसला आणि त्याने केवळ शंकानिरसन केले, तर ‘सुविधाकार’ या नव्या शब्दाला काही अर्थ येईल. अन्यथा तो जुन्या निरीक्षकाच्या दारावरची नवी पाटी ठरेल. उद्योजकांच्या संघटनांनीही दरवर्षी सवलतींची निवेदने देण्यापलीकडे जाऊन आपल्या छोट्या सदस्यांसाठी सामायिक कायदा सल्लागार नेमण्याचा विचार करावा. पाच-दहा आस्थापनांनी मिळून एक जाणकार ठेवणे कोणालाच परवडण्याबाहेरचे नाही.

कामगार कायदा बदलत राहणार, हे गृहीत धरूनच धंदा चालवावा लागेल. नियम येतील, त्यांत दुरुस्त्या होतील, न्यायालये नवे अर्थ लावतील. या सगळ्यात जो मालक आपल्या कामगाराला काय देणे आहे हे स्वच्छ लिहून ठेवतो आणि वेळेवर देतो, त्याला प्रत्येक बदलाच्या वेळी थोडीच डागडुजी करावी लागते. ज्याची वेतनचिठ्ठीच पळवाटांवर उभी आहे, त्याला मात्र दरवेळी घर नव्याने बांधावे लागते. नव्या संहितांनी कामगाराचे काही हक्क काढून घेतले आणि काही दिले. जे दिले ते तरी त्याच्या हाती पडते की नाही, हे राजधानीत ठरणार नाही. ते ठरेल वसाहतीतल्या त्या छोट्या कार्यालयात, पुढल्या महिन्याच्या सात तारखेला.